जुन्नर बघायचं तर कुकडीच्या काठानं बघा

विचारलंय ते असं: दिवाळीनंतर मुंबईहून स्वतःच्या गाडीनं निघायचं, तीन दिवस हाताशी, बरोबर सत्तरीला टेकलेले आईवडील (आईंचे गुडघे दुखतात) आणि दहा व चौदा वर्षांची मुलं. अष्टविनायकाच्या फेरीत लेण्याद्री आणि ओझर दोनदा झालंय, दोन्ही खेपेला दर्शन घेऊन जेवणाआधीच जुन्नर सोडलं. तर तालुक्यात आणखी काय बघावं, आणि तीन दिवस पुरतील का?

पुरतील. फक्त यादी घेऊन येऊ नका. बावीस वर्षं मी इथे लोकांना फिरवतोय. यादी घेऊन आलेली मंडळी दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीतच झोपतात, हे इतक्यांदा बघितलंय की आता मी आधीच सांगतो. यादी करायला इथे काही कमी नाही: सात किल्ले, दोनशेच्या वर कोरीव लेणी, अष्टविनायकातले दोन गणपती, पाच धरणं, घाट, देवराया. २०१८ साली राज्य सरकारनं जुन्नरला विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून याद्या आणखीच लांबल्या.

माझं ऐकाल तर कुकडी नदी धरा. पश्चिमेला पूर गावात कुकडेश्वराच्या देवळापाशी ती उगम पावते. चावंडच्या पायथ्याकडून माणिकडोह धरणात येते, तिथून शिवनेरी आणि लेण्याद्री यांच्यामधून, जुन्नर शहराला लागून पुढे जाते. ओझरच्या गणपतीपाशी येडगाव धरणाचं पाणी म्हणून पसरते, मग बोरी, आणि शेवटी पारनेर तालुक्यातल्या निघोजला काळ्या खडकात रांजणखळगे पाडून घोडनदीला मिळते. घोड भीमेला, भीमा कृष्णेला. तुम्हाला जे बघायचंय त्यातलं जवळजवळ सगळं या एका नदीच्या काठी आहे. राहिला नाणेघाट, तो उगमाच्या पलीकडे थोड्या अंतरावर. त्या कड्यावर पडलेला पाऊस एका अंगाला कोकणात उतरतो आणि दुसऱ्या अंगाला वाहत बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. मुलांना तिथं उभं करून हे नक्की दाखवा.

पहाटे पाचला निघा आणि कल्याण-मुरबाड-माळशेज याच रस्त्यानं या. पुण्याकडून येण्यात सोय असेल, पण मग सुरुवातच हुकते. मुरबाड सोडल्यावर वैशाखरे गाव लागतं. तिथून डाव्याउजव्या बाजूला न बघता समोर सह्याद्रीच्या भिंतीकडे बघा, अंगठ्यासारखा एक सुळका वर आलेला दिसेल. तो नानाचा अंगठा. त्याच्या खाली जी खाच आहे तो नाणेघाट. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच खाचेतून वर चढायचा आणि पुढे जुन्नरच्या बाजारात जायचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही वरून खाली बघणार आहात. आधी खालून बघितलेलं असलं की वर गेल्यावर ती चढण डोळ्यांसमोर उभी राहते.

माळशेज उतरण्याचढण्यात वेळ घालवू नका. वाटेत ओतूरला मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आहे, आईवडिलांना आवडेल, एकही पायरी त्रासाची नाही. श्रावणी सोमवारी इथे कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात, त्यासाठी कधीतरी मुद्दाम या. तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधीही ओतूरचीच. तिथून बनकर फाट्यावरून गणेश खिंडीतून जुन्नरला उतरा.

आता लेण्याद्री. दोनदा झालंय म्हणून टाळू नका, कारण तुम्ही लेण्याद्री बघितलेली नाही, गिरिजात्मजाचं दर्शन घेतलंय. गणपती आहे ते सातवं लेणं. भिक्खूंच्या राहण्याचा तो विहार, म्हणून एवढ्या मोठ्या दालनात मध्ये एकही खांब नाही आणि तिन्ही बाजूंना खोल्या आहेत. त्याच्या शेजारीच सहावं लेणं, चैत्यगृह, म्हणजे भिक्खूंचं प्रार्थनागृह. दर्शनाची रांग तिथून पन्नास पावलांवर असते आणि आत बहुतेक वेळा कोणी नसतं. आत जाऊन खांबांच्या माथ्यावरचे प्राणी बघा, मग मान वर करून छताकडे बघा: लाकडी घराला असाव्यात तशा कमानी तिथं दगडातच कोरल्यात. मागे स्तूप. बाहेरच्या भिंतीवर ब्राह्मीत एक ओळ आहे, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त यानं हे चैत्यगृह दान दिलं अशी. हेरणिक म्हणजे सोनार. कल्याणच्या सोनाराच्या मुलानं नाणेघाट चढून इथे पैसा लावला! सकाळी वैशाखऱ्याला बघितलेली खाच इथं कामी येते. मी ही ओळ दाखवतो तेव्हा शाळकरी पोरंसुद्धा गप्प होतात.

आईंसाठी डोलीची सोय आहे, संकोच न करता घ्या. पायऱ्या तीनशेच्या घरात आहेत आणि उतरताना गुडघ्याला जास्त लागतात. माकडं हातातली पिशवी ओढतात, म्हणून प्रसादाची पिशवी उघड्यावर धरू नका.

एक साधी युक्ती सांगतो. शिलालेख बघायला विजेरी लागते, पण ती समोरून मारू नका. भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरा. समोरून सपाट वाटणाऱ्या दगडावर आडव्या उजेडात अक्षरांच्या सावल्या पडतात आणि ओळ उठून येते. खडूनं किंवा पाण्यानं अक्षरं ‘स्पष्ट’ करणारी माणसं मी बघितली आहेत, अशा वेळी मी हात धरून थांबवतो. तुमच्यादेखत कोणी करत असेल तर तुम्हीही थांबवा.

जेवायला जुन्नरात मासवडी मागा. नावात मासा असला तरी पदार्थ पूर्ण शाकाहारी. बेसन शिजवून ते ओल्या फडक्यावर थापतात, वर तीळ, सुकं खोबरं, लसूण, भाजलेला कांदा आणि कोथिंबीर यांचं सारण पसरतात, फडक्यानंच गुंडाळी करून दाबतात आणि वड्या कापतात. कापलेली वडी माशाच्या तुकडीसारखी दिसते. सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. तिखट असतो, मुलांसाठी आधी सांगून ठेवा.

दुपारी तीनच्या सुमारास शिवनेरी. गाडी पायथ्यापर्यंत जाते, तिथून रुंद, बांधीव पायऱ्यांची वाट आहे. सात दरवाजे लागतात. वडील सावकाश पूर्ण चढतील. आई शिपाई दरवाज्याच्या पुढे शिवाई देवीपर्यंत पोचल्या तरी पुरे, कारण गडाचं दैवत तेच आणि महाराजांचं नाव या देवीवरूनच ठेवलं असं परंपरा सांगते. देवळामागच्या कड्यातही लेणी आहेत. म्हणजे किल्ला व्हायच्या कितीतरी आधी हा डोंगर भिक्खूंचा होता. वर अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव, कडेलोटाचं टोक आणि जन्मस्थानाची दुमजली इमारत. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख तुमच्या मुलांना पाठ असेलच. त्यांना हे मात्र सांगा: ज्या गडावर महाराज जन्मले तो त्यांच्या हयातीत स्वराज्यात कधीच आला नाही. प्रयत्न झाले, यश आलं नाही. जन्मस्थानाच्या खोलीत पाळण्यासमोर हे सांगितलं की मोठी माणसंही क्षणभर थबकतात. कोळी चौथराही चुकवू नका. मोगलांविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांना इथे मारलं गेलं, ही आठवण इथली माणसं आजही जपून आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात शिवनेरी आहे. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी वाढली आहे. शक्य असेल तर शनिवार-रविवार सोडूनच या.

किल्ल्यांवर आणि लेण्यांत आग्यामोहोळं असतात. अत्तर, बॉडी स्प्रे, अगरबत्ती, धूर, आरडाओरडा, यातलं काहीही नको. मानमोडीच्या डोंगरावर, म्हणजे शहराच्या दक्षिणेकडच्या लेण्यांत, हे फार जपावं लागतं. मानमोडी अप्रतिम आहे: भूतलिंग गटातल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर गजलक्ष्मी कोरलेली आहे आणि तो दर्शनी भाग चंद नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीकानं, दिल्याचा लेख आहे. नहपान या शक क्षत्रप राजाचा अमात्य, म्हणजे मंत्री, अयम याचाही लेख याच डोंगरात. जुन्नरच्या लेण्यांत गव्हाधान्याचे व्यापारी, बांबूचं काम करणारे, कासार यांच्या श्रेणींची, म्हणजे व्यवसायसंघांची, नावं येतात, राजांची फार थोडी. पण वाट घसरडी आणि झाडोऱ्याची. आईवडिलांना घेऊन या खेपेला जाऊ नका. चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन पुढे कधीतरी, वाट माहीत असलेला माणूस सोबत घेऊन.

दुसरा दिवस नाणेघाटाचा. सहाला निघा. आपटाळे सोडल्यावर मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधी उतरवून घ्या, पेट्रोल जुन्नरातच भरा. घाटघरच्या पुढे गाडी थेट पठारापर्यंत जाते, त्यामुळे नाणेघाट आईंनाही बघता येईल. आधी वरचा दगडी रांजण बघा. जकातीचे पैसे यात टाकत अशी ठाम समजूत आहे. त्याच्या शेजारून खाचेत उतरणारी वाट सुरू होते, पायऱ्या ओबडधोबड आहेत पण थोड्याच. आईंनी रांजणापाशी थांबावं, बाकीच्यांनी लेण्यात उतरावं.

हे लेणं देवाचंही नाही आणि भिक्खूंचंही नाही. सातवाहनांच्या घराण्याची ही स्मारकशाळा होती. समोरच्या भिंतीवर पुतळे होते: सिमुक सातवाहन, सातकर्णी, राणी नागनिका, महारठी त्रणकयिर आणि राजकुमार. आज फक्त पावलांच्या खुणा उरल्यात आणि वर ब्राह्मीत नावं. डाव्या-उजव्या भिंतींवर नागनिकेचा लांबलचक लेख आहे: अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि प्रत्येक यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. दानाचे आकडे मोजून लिहिले आहेत, आणि भारतातल्या अंकचिन्हांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत हे आकडे धरले जातात. चौदा वर्षांच्या मुलाला ते शोधायला सांगा. त्यातला सातचा आकडा आजच्या इंग्रजी 7 शी नातं सांगतो, तो सापडला की मग त्याला हाक मारून वर आणावं लागतं.

पावसाळ्यात दरीतून वर येणारा वारा इथल्या पाण्याला उलटं फेकतो, ते बघायला तुफान गर्दी होते. तुम्ही दिवाळीनंतर येताय ते बरं: गवत सोनेरी झालेलं असतं, हवा स्वच्छ असते आणि लेख शांतपणे वाचता येतो. पठारावरून जीवधनचा किल्ला आणि त्याला लागून उभा वानरलिंगीचा सुळका दिसतो. जीवधनावर निजामशाहीचा शेवटचा वारस मूर्तझा कैदेत होता, शहाजीराजांनी त्याला सोडवून गादीवर बसवलं. किल्ला खालूनच बघा. त्याची वाट कड्यातल्या उभ्या पायऱ्यांची आहे आणि या चमूचं ते काम नाही.

परतीच्या वाटेवर पूर गाव. कुकडेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं मानतात. नद्यांच्या उगमापाशी झंझ राजानं शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, असं इथे सांगतात. मूळ शिखर उरलेलं नाही, त्यामुळे लांबून देऊळ ठेंगणं वाटतं. जवळ जा, मग भिंतीवरच्या मूर्ती आणि दाराची चौकट बघा. गाभाऱ्यात दगड पावसाळ्यानंतरही बराच काळ ओला आणि गार असतो. माझी आजी इथलं पाणी तांब्यात भरून घरी न्यायची आणि पेरणीआधी शेतात शिंपडायची. तुमच्या आईवडिलांना इथे अर्धा तास नुसतं बसू द्या. या भागात महादेव कोळी समाजाची गावं आहेत. हिरडा हे त्यांचं हक्काचं पीक, अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला दिसला तर त्यावरून गाडी वळवू नका आणि विचारल्याशिवाय कोणाच्या अंगणात फोटोही काढू नका.

मुलांना चढायचंच असेल तर त्याच वाटेवर चावंड आहे. वरचा कातळटप्पा कोरीव पायऱ्यांचा, आधाराला रेलिंग आहे, आणि माथ्यावर सात टाक्यांचा समूह, सप्तमातृका म्हणतात. तुमच्यापैकी एकानं मुलांना घेऊन जावं, दुसऱ्यानं आईवडिलांजवळ थांबावं. दुपारी बाराच्या आत चढायला सुरुवात झाली नाही तर सोडून द्या.

आणि संध्याकाळी साडेपाचनंतर शेतवाटांनी फिरू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. या तालुक्यात उसात बिबट्या राहतो. माणिकडोहला जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे ते उगीच नाही. इथल्या लोकांनी लेकरं गमावली आहेत. दहा वर्षांच्या मुलाला लघवीला एकट्याला उसाच्या कडेला पाठवू नका, राहण्याच्या ठिकाणी अंगणात अंधारात खेळू देऊ नका. हे घाबरवायला सांगत नाही. आम्ही आमच्या घरी रोज हेच पाळतो.

तिसरा दिवस नदीबरोबर खाली. ओझरला सकाळी लवकर जा. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी इथे कळसाला सोन्याचा पत्रा चढवला असं सांगतात, ते तुम्ही ऐकलं असेल. या वेळी देवळामागे पाण्याकडे जा आणि काल उगमाशी करंगळीएवढी बघितलेली कुकडी इथे किती पसरली ते मुलांना दाखवा.

नारायणगावावरून खोडदकडे निघालात की शेतांच्या मधून प्रचंड पांढऱ्या जाळीच्या डिश दिसू लागतात. ती जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली: एकूण ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास ती सगळ्यांसाठी खुली असते. रस्त्यावरून बघितली तरी मुलांचा हट्ट फिटतो.

त्याच बाजूला बोरी बुद्रुक. नदीच्या काठच्या मातीत राखी-पांढऱ्या रंगाचा एक थर आहे, ज्वालामुखीच्या राखेचा. ही राख इथली नाही, सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची. जवळच अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली आहेत. ही राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुन्या, यावर संशोधकांत मोठा वाद झाला. काठावर उभं राहून थर दिसतो, तेवढंच बघा. हातानं उकरू नका, चिमूटभरसुद्धा घरी नेऊ नका. पावसाळ्यात नदी तो आधीच धुऊन नेते.

शेवटी निघोज. मळगंगेचं देऊळ आहे, चैत्रात यात्रा भरते, आईंना तिथे बसायला सावली मिळेल. खाली पात्रात बेसाल्टचा काळा खडक आणि त्यात शेकडो खळगे, काही परातीएवढे, काही माणूस उभा बुडेल एवढे. एखाद्या कोरड्या उथळ खळग्यात हात घालून तळाचा गोटा उचला. तो अंड्यासारखा गुळगुळीत लागेल. खडकाच्या खाचेत असा गोटा अडकला, पाण्याच्या भोवऱ्यानं तो गरगर फिरवत ठेवला, आणि हजारो वर्षांत त्यानं आपल्याभोवतीचा खडक घासून रांजण केला. खळग्याच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवलंत तर वळ्या लागतात. गोटा पुन्हा जिथला तिथे ठेवा.

पण पाण्याच्या जवळच्या कडेला कोणालाही जाऊ देऊ नका. काठ बाहेरून खडक दिसतो, आतून पोखरलेला आणि शेवाळलेला असतो. काही वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांदेखत एक कॉलेजचा मुलगा फोटोसाठी मागे सरकत गेला आणि आत पडला. तो पोहणारा होता, तरी सरळ भिंतीला हाताला धरायला काही मिळेना. गावातल्या दोघांनी दोर टाकला म्हणून तो वाचला. धरणातून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक वेळी सोडलेलं पाणी, सुटलं की पाणी बघता बघता वाढतं. त्यामुळे तिथे पोचल्यावर आधी देवळापाशी विचारा, आवर्तन सुरू आहे का. सुरू असेल तर वरच्या झुलत्या पुलावरूनच बघा.

निघोज चारच्या आत सोडा. परत जाताना आळेफाट्याजवळ आळे गावात ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी आहे, वडिलांना ती बघायची असेल तर दहा-पंधरा मिनिटं राखून ठेवा. तिथून ओतूरवरून माळशेज. दिवाळीनंतर घाटात अंधार लवकर पडतो आणि वळणावर गाड्या उभ्या करून फोटो काढणारे असतात, म्हणून घाट उजेडात उतरा.